प्रवाळांची छोटी टाकी: आधी यादी तपासा, मग हप्त्याचा विचार करा

प्रश्न: मला या वर्षी दीड महिन्याच्या पगाराएवढा बोनस मिळाला आहे. घरी ७५ लिटरची, ६० सेंटिमीटर लांबीची समुद्री टाकी मांडून तिच्यात मासे आणि प्रवाळ ठेवावेत, ही फार दिवसांची इच्छा आहे. ब्लू टँग मासा, क्लाउनफिश माशांची जोडी, त्या जोडीसाठी ॲनिमोनी हा डंखधारी समुद्री प्राणी, मँडरिन आणि फायरफिश हे मासे, टॉर्च आणि हॅमर कोरल, शिवाय ॲक्रोपोरा या कठीण प्रवाळाचे तीन-चार तुकडे अशी यादी मी केली आहे. संपूर्ण बोनस खर्च केला तरी काही रक्कम कमी पडते; ती क्रेडिट कार्डावर १२ बिनव्याजी हप्त्यांत फेडता येईल. दुसरीकडे, ओळखीचे एक गृहस्थ त्यांची चालू टाकी आतल्या मासे-प्रवाळांसकट निम्म्या किमतीत देऊ करत आहेत. गृहकर्जाची १५ वर्षे बाकी आहेत, आपत्कालीन निधी चार महिन्यांच्या खर्चाइतका आहे आणि कामानिमित्त महिन्यातून एकदा पाच दिवस मी बाहेरगावी असतो. कोणता पर्याय निवडावा?

उत्तर: तुम्ही पैसे उभे करण्याच्या दोन मार्गांपैकी एक निवडायला सांगितले आहे, परंतु माझ्या मते खरा निर्णय तुमच्या यादीत आहे. या छंदात एखादा जीव विकत घेण्याची किंमत हा सर्वांत लहान खर्च असतो. तो जीव जगवण्यासाठी लागणारा दिवा, पाणी, क्षार, खाद्य आणि वेळप्रसंगी दुसरी टाकी हा खरा खर्च असून, तो त्याच्याबरोबर टाकीत काय काय आहे यावर ठरतो. तुमच्या यादीतील ब्लू टँग, ॲनिमोनी, मँडरिन आणि ॲक्रोपोरा हे चार जीव वगळले, तर उरलेली टाकी बोनसच्या एका भागात बसते आणि हप्त्यांचा प्रश्नच राहत नाही. इच्छा मोडावी असे मी मुळीच म्हणत नाही. कष्टाने मिळालेल्या बोनसचा काही भाग मनापासून हव्या असलेल्या गोष्टीवर खर्च करणे मला योग्यच वाटते.

ब्लू टँगपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांच्या मनात तोच पहिला असतो. विकत घेताना हा मासा बोटभर असतो, मात्र पूर्ण वाढ झाल्यावर तो ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे तुमच्या टाकीच्या निम्म्या लांबीचा होतो. तो दिवसभर लांबवर पोहणारा मासा आहे. मोठा झाला की विकून टाकू, असे अनेकजण ठरवतात. पण ज्या मालाला ठरलेले गिऱ्हाईक नाही, त्याच्या विक्रीची रक्कम आम्ही कोणत्याही आराखड्यात जमेला धरत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अपुऱ्या जागेत ताणाखाली राहणाऱ्या टँगला अंगावर पांढरे ठिपके येणारा ‘इच’ हा परजीवी आजार फार लवकर जडतो. त्यावरचे तांब्याचे औषध प्रवाळ, कोळंबी आणि शंखगोगलगायींना मारक असल्यामुळे ते मुख्य टाकीत घालताच येत नाही. सर्व मासे वेगळ्या टाकीत काढून तेथे उपचार करावे लागतात आणि मुख्य टाकी साधारण अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. म्हणजे एका माशापायी दुसऱ्या टाकीचा, हीटरचा आणि गाळणीचा खर्च तुमच्या अंगावर येतो.

मँडरिनचे गणित वेगळे आहे. हा मासा दिवसभर खडकावरून सरपटत कोपेपॉड नावाचे बारीक जीव एकेक करून टिपत असतो, आणि बहुतेक मँडरिन गोठवलेले किंवा कोरडे खाद्य तोंडातही घेत नाहीत. ७५ लिटरच्या टाकीतील खडकावर तयार होणारे कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवतो आणि त्यानंतर डोळ्यांसमोर बारीक होत जातो. त्याला वाचवण्यासाठी जिवंत कोपेपॉड पुन्हा पुन्हा विकत आणावे लागतात. माशाची किंमत एकदाच मोजायची असली तरी खाद्याचा हा हप्ता कधीच संपत नाही, आणि तुम्ही दरमहा पाच दिवस घरी नसता.

क्लाउनफिशची जोडी मात्र जरूर ठेवा. टाकीतच पैदास झालेली जोडी मिळाली तर उत्तमच. तिला ॲनिमोनी लागतेच, हा समज चुकीचा आहे. बबल-टिप ॲनिमोनी ३० सेंटिमीटरपर्यंत पसरते, जागा पसंत पडली नाही तर टाकीभर फिरते, वाटेतल्या प्रवाळांना डंख करते आणि कधी कधी पंपाच्या तोंडाशी जाऊन चिरडली जाते. एवढ्या कमी पाण्यात ती मेली, तर काही तासांत पाणी नासून बाकीचे जीवही जाऊ शकतात. एकाच जोखमीपोटी संपूर्ण गुंतवणूक पणाला लागते, तेव्हा तिच्यातून मिळणारा आनंद कितीही असला तरी मी ‘नको’ म्हणतो. मात्र क्लाउनफिश घेतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा: चांगली निगा राखली तर हे मासे २० वर्षांहून अधिक जगू शकतात, म्हणजे तुमचे गृहकर्ज फिटले तरी त्यांची जबाबदारी शिल्लक असेल. फायरफिशलाही माझी हरकत नाही. तो बुजरा असल्यामुळे त्याला आधी सोडा आणि जागेवर हक्क सांगणारी क्लाउनफिशची जोडी शेवटी सोडा. तो घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, त्यामुळे टाकीवर जाळीचे झाकण हवेच. या तिघांच्या जोडीला तळाशी राहणारा एखादा लहान गोबी मासा चालेल. त्यापुढे माशांची संख्या वाढवू नये.

आता प्रवाळांकडे वळू, कारण तुमच्या यादीतील सर्वांत मोठा छुपा खर्च तिथे आहे. ॲक्रोपोरासारखे कठीण प्रवाळ आपला सांगाडा रचण्यासाठी पाण्यातील अल्कलिनिटी (कार्बोनेट क्षारांचे प्रमाण; ते डीकेएच या एककात मोजतात) आणि कॅल्शियम सतत शोषून घेतात. अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियमही साधारण २० पीपीएमने (दहा लाखांत २० भागांनी) कमी होते. समजा, तुमच्या टाकीतील प्रवाळ दिवसाला अर्धा डीकेएच वापरतात. आठवड्याला साडेतीन डीकेएचची तूट पडली. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले, तर त्या तुटीचा फक्त दहावा भाग, म्हणजे ०.३५ डीकेएच भरून निघतो. बाकीची तूट भरण्यासाठी रोज मोजून द्रावणे घालावी लागतात, ती घालणारे डोसिंग पंप घ्यावे लागतात आणि चाचणीचे किट संपतील तसे पुन्हा आणावे लागतात. शिवाय ॲक्रोपोराला मऊ प्रवाळांच्या तिप्पट-चौपट तीव्रतेचा प्रकाश लागतो, म्हणून दिवाही वरच्या श्रेणीचा घ्यावा लागतो. तीन-चार छोट्या तुकड्यांसाठी टाकीचा संपूर्ण खर्च एक पायरी वर चढतो, आणि ७५ लिटरमध्ये डोसची एक चूकही पाण्याचा तोल बिघडवते.

टॉर्च आणि हॅमर दोन्ही हवेत, असे तुम्ही लिहिले आहे. दुकानातील दिव्याखाली हे दोन्ही प्रवाळ शेजारी शेजारी शांतपणे डुलताना दिसतात, परंतु दिवे मालवल्यानंतर टॉर्च आपल्या डंखधारी लांब शुंडा प्रवाहाच्या दिशेने बोट-दोन बोटे नव्हे, तर १५ सेंटिमीटरपर्यंत लांबवतो. सकाळी हॅमरच्या त्या बाजूचे मांस विरघळून खालचा पांढरा सांगाडा उघडा पडलेला दिसतो. टॉर्चभोवती तेवढी मोकळी जागा सोडायची म्हटले, तर ६० सेंटिमीटरच्या टाकीतील निम्मा खडक एका प्रवाळासाठी अडकून पडतो. म्हणून दोहोंपैकी फांद्यांचा हॅमर घ्या. तो वाढला की त्याची एखादी फांदी वेगळी करून इतर शौकिनांशी अदलाबदल करता येते. हे उत्पन्न म्हणून धरू नका, पण पुढची खरेदी त्यातून थोडी हलकी होऊ शकते.

त्याच्या जोडीला झोअँथिड, मश्रूम कोरल आणि डंकन हे प्रवाळ मला तुमच्यासाठी योग्य वाटतात. त्यांना मध्यम प्रकाश पुरतो. झोअँथिड आणि मश्रूम तर कठीण सांगाडा करतच नाहीत, त्यामुळे आठवड्याला पाणी बदलणे एवढेच त्यांच्यासाठी पुरेसे असते. हिरवा स्टार पॉलिप आणि झेनिया दिसायला सुंदर आणि स्वस्त असले, तरी ते खडकावर पसरून इतरांना झाकून टाकतात. ठेवायचेच असतील तर वेगळ्या, सुट्या दगडावर ठेवा. लेदर कोरल पाण्यात शेजाऱ्यांना त्रासदायक रसायने सोडतो, म्हणून हॅमर असलेल्या लहान टाकीत तो टाळलेला बरा. झोअँथिडबाबत मात्र कळकळीची सूचना आहे. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते. त्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला, ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका, आणि घरात लहान मूल असेल तर हे प्रवाळ आणण्यापूर्वी घरच्यांना नीट कल्पना द्या.

आवर्ती खर्च रकमेत मांडण्याऐवजी मापांत मांडतो, म्हणजे तुम्ही तुमच्या दराने त्याला गुणू शकाल. दर आठवड्याला साडेसात लिटर पाणी बदलले, तर वर्षाला ३९० लिटर खारे पाणी लागते आणि लिटरमागे ३५ ग्रॅम धरले तर त्यासाठी सुमारे १४ किलो समुद्री मीठ लागते. बाष्पीभवनाने रोज लिटरभर पाणी उडते असे धरले, तर आरओ-डीआय प्रक्रियेचे, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेले, आणखी ३६५ लिटर गोडे पाणी लागेल. हे पाणी घरी गाळताना त्याच्या तिप्पट-चौपट पाणी बाहेर फेकले जाते, तेही हिशेबात धरा. ५० वॉटचा दिवा दहा तास आणि २० वॉटचे पंप अखंड चालले, तर महिन्याला जवळपास ३० युनिट वीज होते. तापमान २४ ते २६ अंशांत ठेवायचे असते. तुमच्याकडे उन्हाळा कडक असेल आणि २०० वॉटचा चिलर रोज आठ तास चालवावा लागला, तर त्यासाठी एकट्याने ४८ युनिट लागतील, म्हणजे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त. तुमच्या पाच दिवसांच्या गैरहजेरीत पाच लिटर पाणी उडाले, तर क्षारता दर हजारी ३५ वरून साडेसदतीस भागांपर्यंत चढेल, म्हणून उडालेले पाणी आपोआप भरणारे ऑटो टॉप-ऑफ उपकरण तुमच्या बाबतीत पहिल्या खरेदीत असलेच पाहिजे.

हप्त्यांविषयी माझे मत ठाम आहे. बिनव्याजी म्हणवणाऱ्या योजनेत बहुधा प्रक्रिया शुल्क असते किंवा रोख खरेदीवर मिळणारी सवलत सोडावी लागते, आणि एखादा हप्ता चुकला तर कार्डाचे पूर्ण व्याज लागते. परंतु ती योजना खरोखर फुकट असती, तरीही जिवंत प्राणी हप्त्यांवर घेऊ नयेत असेच मी म्हटले असते. पाचव्या महिन्यात प्रवाळ गेला, तर उरलेले सात हप्ते तुम्ही रिकाम्या दगडासाठी भरत राहाल.

आता ओळखीच्या गृहस्थांच्या टाकीबद्दल. काच, स्टँड, दिवा, पंप आणि खडक एवढेच निम्म्या किमतीत मिळत असेल, तर तो सौदा चांगला आहे; उपकरणांचा घसारा दुसऱ्याने सोसलेला आहे. दिवा पूर्ण तीव्रतेवर लावून पाहा, हीटर नवीन घ्या, सांध्यांतील सिलिकॉन तपासा. आतले जीव मात्र घेऊ नका. टाकी हलवताना खडकावरचे बरेच जीव मरतात, जुनी वाळू ढवळली की तळातली घाण वर येते आणि अमोनिया वाढतो, त्यामुळे जुनी वाळू टाकूनच द्या. त्यातच एप्टेशिया नावाची तपकिरी डंखधारी कीड खडकावर दिसली, तर खडकही नाकारा; ती एकदा घरात आली की हटवणे कठीण जाते. कठीण प्रवाळ साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो, आणि काही देशांत ते बाळगण्यावरही बंदी आहे. हॅमर आणि डंकन हे याच गटातले आहेत. तुम्ही राहता तिथला वन्यजीव कायदा आधी वाचा. कायद्याची आडकाठी असेल, तर दोन्ही सोडून द्या, आणि झोअँथिड व मश्रूमबाबतही स्थानिक नियम पाहूनच पुढे जा. कायद्याची परवानगी असेल, तर संवर्धित असल्याचा कागद मिळेल असाच प्रवाळ घ्या.

बोनसचे वाटप मी असे सुचवतो. पहिला हिस्सा आपत्कालीन निधीत घाला. गृहकर्ज चालू असताना तो सहा महिन्यांच्या खर्चाइतका असावा, आणि दीड महिन्याच्या पगारातून ही तूट एकदम भरून निघणार नसली तरी निम्मी रक्कम तिकडे वळवा. उरलेल्या निम्म्यातून जुनी उपकरणे आणि ऑटो टॉप-ऑफ घ्या, आणि वर काढलेल्या मापांनुसार वर्षभराचे मीठ, पाणी, वीज आणि चाचण्या यांची रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवा. जे उरेल तेच जीवांसाठी. टाकीत पाणी भरल्यावर अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्ये शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतातच, त्यामुळे मासे आणि प्रवाळ एकेक करून, महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने घेतले, तर खर्चही आपोआप विभागला जातो आणि हप्त्यांची गरज उरत नाही.

वर्षभरानंतर ॲक्रोपोराचा मोह पुन्हा झाला, तर दोन गोष्टी तपासा: सलग तीन महिने अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हललेली नाही ना, आणि त्या बचत खात्यात पुढच्या सहा महिन्यांचा खर्च शिल्लक आहे ना. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर डोसिंग पंप आणि योग्य दिव्याची किंमत रोख भरूनच एक तुकडा घ्या, आणि तो किमान दोन महिने तगल्याशिवाय दुसरा घेऊ नका.