फवारणीच्या मोटरचा प्लग का जळतो?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. फवारणी पंपाची 5 एचपी थ्री फेज मोटर गाड्यावर बसवली असून 60 मीटर केबल जोडून ती बागेत फिरवतो. ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा रोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण) फवारू लागलो, की प्लगच्या पिना हिरव्या पडतात, एखादी पिन तापून प्लॅस्टिक वितळते. आता 32 अँपिअरचा प्लग घ्यावा का?
— एक बागायतदार

उत्तर : घेऊ नका. तुमची मोटर पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेते, त्यामुळे 16 अँपिअरचा प्लग पुरेसा आहे. दोष सांध्यात आहे. एका पिनेपाशी गंजाने वा ढिल्या स्क्रूने दशांश ओहम रोध वाढला, तरी तेवढ्याच प्रवाहावर तिथे साडेपाच वॅटहून अधिक उष्णता सतत निर्माण होते, आणि ती बंदिस्त प्लगमधून बाहेर पडू शकत नाही.

औद्योगिक पद्धतीचा, लाल रंगाचा, फिरवून आवळायच्या कड्याचा आयपी 67 प्लग घ्या (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी). नुसत्या झाकणाचा आयपी 44 प्लग तुषार अडवतो, तुमच्या कामाला तो अपुरा आहे. मात्र आयपी 67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे टिकण्याची कसोटी असून ती प्लग-सॉकेट जोडून कडे आवळलेले असतानाच लागू होते. तुमचे नुकसान बहुधा प्लग काढून बांधावर ठेवल्यावर होते, म्हणून दोन्ही बाजूंना आवळता येणारी टोपणे हवीतच. बाह्य आवरण ॲल्युमिनियमचे नको, कारण बोर्डोतील मोरचूद त्या धातूला खाते. नायलॉनचे आवरण आणि निकेल मुलाम्याच्या पिना निवडा.

केबल रबरी आवरणाची, बारीक तारांची लवचीक घ्यावी. 60 मीटरवर 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्यात दाब जेमतेम पाच-सहा व्होल्ट पडतो, त्यामुळे अधिक जाडीवर खर्च करण्याचे कारण नाही. तारांच्या टोकांना कथील लावून स्क्रूखाली आवळण्याची आपल्याकडची सवय मात्र मोडायला हवी, कारण मऊ कथील दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू ढिला होतो आणि पिन तापू लागते. त्याऐवजी तारांच्या टोकांवर पिन लग (धातूची छोटी टोपी) दाबून बसवा, आणि केबलचे आवरण प्लगच्या पकडीत घट्ट धरले आहे ना, हे पाहा, म्हणजे ओढाताणीचा ताण स्क्रूवर येणार नाही.

ओल्या मातीत उभे राहून काम करता, तेव्हा अर्थिंगची तार तोडून काम चालवू नका, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) अवश्य बसवा. प्लग काढण्यापूर्वी स्टार्टर बंद करा. चालू भारावर ओढल्यास ठिणगीने पिनांवर खड्डे पडतात.