रात्री उशिरा जेवलं तर कॅन्सर परत येतो का?

"उपचार संपले, वजन वाढलंय, इंटरमिटंट फास्टिंग करू का?" असं कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या बायका हल्ली हमखास विचारतात. पुण्यात दोनदाच जेवायचं दीक्षित डाएट घरोघरी माहीत. त्यामुळे विचारायला येईपर्यंत उपास सुरूही झालेला असतो.

कोथरूडच्या एका बाईंचा झाला होता. पन्नाशी ओलांडलेली, स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन पार पडलेलं, आता रोज लेट्रोझोलची, म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी, गोळी. केमोबरोबरची स्टेरॉइड्स, बंद झालेली पाळी, घरात बसून राहणं, यात वजन वाढलं. जावेचं ऐकून दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच खायला लागल्या. चार किलो उतरले, पण जिना चढताना मांड्या भरून यायच्या.

खाता काय, विचारलं. बाराला पोहे, चारला चहा-बिस्किटं, साडेसातला भाजी-पोळी. वरण जड पडतं म्हणून बंद! त्या चार किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, ही माझी चिंता. लेट्रोझोलने हाडंही विरळ होतात, आणि कॅल्शियम कार्बोनेटची गोळी या घेत होत्या सकाळी उपाशीपोटी. ती जेवणाबरोबर घेतली तर अंगी लागते.

"आणि एखाद्या दिवशी वेळ चुकली तर, ताई?"

हे विचारताना त्यांचे डोळे भरले. पुतणीच्या साखरपुड्यात साडेनऊला पुरणपोळी खाल्ली होती आणि रात्रभर छातीत गाठ चाचपत बसल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं, तेरा तास उपाशी राहिलं की कॅन्सर परत येत नाही.

या फॉरवर्डचं मूळ खरं आहे. 2016 साली 'जामा ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, मधुमेह नसलेल्या सुमारे 2,400 स्त्रियांपैकी ज्यांचा रात्रीचा उपास 13 तासांपेक्षा कमी होता, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पण कुणालाही उपास करायला लावून पाहिलेलं नव्हतं, फक्त त्यांच्या खाण्याच्या नोंदी तपासल्या होत्या. मृत्यूंच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. एका पुरणपोळीचा तर यात संबंधच नाही. आणि 13 तास म्हणजे तरी काय? साडेसातला जेवण, सकाळी साडेआठला नाश्ता. आपल्या आज्या हेच करायच्या.

तेवढंच ठेवलं. नाश्त्याला मुगाचं धिरडं आणि दही किंवा अंडी, दोन्ही जेवणांत वरण किंवा उसळ. प्रथिनं वजनाच्या किलोमागे निदान 1 ग्रॅम. डॉक्टरांना विचारून चालण्याबरोबर खुर्चीतून उठबस आणि हलकी वजनं. भीतीबद्दल बोलायला मात्र त्या पुढे बरेच दिवस येत राहिल्या. ते वेळापत्रकाने मिटणारं नव्हतं.

"परत साखरपुडा निघाला तर?"

"जेवा. दुसऱ्या दिवशी नाश्ता नेहमीच्या वेळी."

ज्यांची केमो चालू आहे, वजन आपोआप उतरतंय किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे, त्यांनी हे तेरा तासही आपल्या मनाने धरू नयेत. आधी ऑन्कॉलॉजिस्टना विचारा.