वार्धक्यशास्त्राचा कोर्स निवडताना

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. फिजिओथेरपीची पदवी हातात आहे, नोकरी चालू आहे आणि आता ज्येष्ठांसाठी नीट शिकून काम करायचं आहे, हे वाचून फार बरं वाटलं. कोर्सच्या नावांचा गोंधळ आधी मिटवू. एमडी जेरिॲट्रिक्सला, म्हणजे वृद्धांच्या आजारांवरच्या वैद्यकीय पदवीला, एमबीबीएस लागतं. इग्नूचा जेरिॲट्रिक मेडिसिनचा पदव्युत्तर डिप्लोमाही डॉक्टरांसाठीच आहे. तुझ्यासाठी वाट आहे ती जेरोन्टोलॉजीची, म्हणजे वार्धक्यशास्त्राची, पदव्युत्तर पदवी किंवा डिप्लोमा. दिल्लीच्या राष्ट्रीय समाज रक्षा संस्थानाने ज्येष्ठांच्या देखभालीचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवलेला आहे. यंदा तुकडी भरते आहे का, हे फोन करूनच विचार. जुन्या माहितीपत्रकावर विसंबून राजीनामा देऊ नकोस.

माझं ठाम मत एवढंच, की कोर्स फील्डवर्कवरून निवडावा. विषयांच्या याद्या सगळीकडे सारख्याच दिसतात: शरीर, मन, समाज, धोरण, संशोधनपद्धती. विचारायचं ते हे: प्रात्यक्षिकाला श्रेयांक (क्रेडिट) किती? एक श्रेयांक म्हणजे साधारण 30 तास, म्हणजे चार श्रेयांकांचे 120 तासच होतात. हे तास कुठे घालवायचे, तुझ्या नोंदी कोण तपासणार, दर आठवड्याला की सत्राच्या शेवटी? विद्यार्थ्यांना फक्त वृद्धाश्रमात पाठवत असतील तर सावध राहा. आपल्याकडचे बहुसंख्य ज्येष्ठ घरीच राहतात. घरभेटी, सरकारी रुग्णालयाची ओपीडी आणि एखादं विरंगुळा केंद्र, असं तिन्ही ठिकाणी काम मिळायला हवं.

फील्डवर्कमध्ये काय शिकायचं, याचं एक उदाहरण तुझ्याच क्षेत्रातलं घे. पडण्याचा धोका तपासताना ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणी तू केलीच असशील: खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, 12 सेकंद किंवा जास्त लागले तर काळजी. घरात मात्र ती बिघडते. प्लास्टिकची बिनहाताची खुर्ची फरशीवर सरकते, सूनबाई प्रेमाने दंड धरते, आजोबा रोजच्या चपला सोडून अनवाणी चालतात. मग त्या आकड्याला अर्थ उरत नाही. खुर्ची हातांची आणि भिंतीला टेकवलेली हवी, अंतर टेपने मोजलेलं, पायात रोजचंच पादत्राण, आणि खरी वेळ घेण्याआधी एक सरावाची फेरी.

त्याच भेटीत रक्तदाब घे, पण नुसता बसवून नको. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर रात्री लघवीला उठताना हा माणूस का पडतो, ते तिथेच कळू शकतं. मोजताना शेजारी कुणीतरी आधाराला असू दे. मग घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत मागव. आयुर्वेदिक आणि शेजाऱ्यांनी दिलेल्याही. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्या वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात आणि पूर्ण यादी एकाच्याही हातात नसते. तू गोळी बंद करायची नाहीस. यादी आणि आकडे तारखेसह डॉक्टरांकडे पोहोचवायचे.

स्मरणशक्तीच्या चाचण्यांबाबत जास्तच जपून राहा. 30 गुणांची एमएमएसई, म्हणजे स्मरण आणि आकलन तपासणारी छोटी प्रश्नावली, शाळेत गेलेल्यांना सोयीची आहे. वाचता-लिहिता न येणाऱ्या आजींचे गुण त्यात उगाच कापले जातात आणि घरात ‘विसरभोळेपणाचा आजार’ असा शिक्का बसतो. हिंदीत अशांसाठी एचएमएसई ही तिच्यावरूनच बेतलेली वेगळी चाचणी हरियाणातल्या बल्लभगढ भागात तयार झाली. तुझ्या विभागात मराठीतलं कोणतं रूप वापरतात आणि ते इथल्या लोकांवर पडताळलेलं आहे का, हे विचार. आणि चाचणीआधी कान तपासून घे. ऐकू न आल्यामुळे चुकलेलं उत्तर विसरण्यात धरलं जातं. वय नक्की सांगता येत नसेल तर पानशेतचा पूर (1961), कोयनेचा भूकंप (1967), बहात्तरचा दुष्काळ, तेव्हा लग्न झालं होतं का, मूल केवढं होतं, असं विचारत जा. शक्य तिथे आजी-आजोबांशी एकट्याने बोल. मुलगा समोर बसला की उत्तरं तोच देतो.

कायद्याचा पेपर फिजिओला परका वाटतो, पण तो टाळू नकोस. 2007 च्या पालक व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याखाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मूळ कायद्यात निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. लोक अडतात ते सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्याच्या कलम 23 वर. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिलं आणि ‘सांभाळ करीन’ ही अट त्यात लिहिलीच नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेणं फार अवघड जातं. घरभेटीत असा विषय निघाला तर सही होण्याआधी वकिलाकडे जायला सांग. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही सांगून ठेव.

संशोधनाला घाबरू नकोस. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत ‘लासी’ या वार्धक्यावरच्या देशव्यापी सर्वेक्षणाची माहिती आहे. पहिल्या फेरीत, 2017-18 साली, 45 आणि त्यावरच्या वयाचे लोक व त्यांचे जोडीदार, अशा 72,000 हून जास्त जणांशी बोलून ती गोळा केली. ती विद्यार्थ्यांना मागणी करून मिळते. नोकरी सांभाळून 300 घरं फिरण्यापेक्षा या माहितीवर एक नेमका प्रश्न सोडवलेला बरा.

अर्ज भरण्याआधी त्या विभागाकडून गेल्या तीन वर्षांच्या प्रबंधांची शीर्षकं मागवून घे. सगळे ‘वृद्धाश्रमातील ज्येष्ठांच्या समस्या’ याच साच्यातले असतील, तर दुसरा विभाग बघ. यादी आली की मला पाठव, बसून बघू.

तुझी,
ताई