रेनेसाँस म्हणजे पुनरुज्जीवन की प्रबोधन?

प्रश्न असा आहे की 'बंगाल रेनेसाँ' (एकोणिसाव्या शतकातली बंगालमधली वैचारिक-सांस्कृतिक जागृती) असं वाचनात आलं, तर या रेनेसाँला मराठीत काय म्हणायचं, पुनरुज्जीवन, प्रबोधन की नवजागरण, आणि हे सगळे शब्द एकच का. एकच नाहीत, आणि त्यातला फरक जपावा असं मला फार मनापासून वाटतं.

आधी उच्चाराचं बोलते. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधून आहे तसाच उचलला, नेसाँस म्हणजे जन्म आणि आधीचं रे म्हणजे पुन्हा. फ्रेंचमध्ये शेवटचा स नीट ऐकू येतो, म्हणून आपल्याकडे सर्रास लिहितात ते रेनेसाँ अर्धवट आहे. ब्रिटिश लोक साधारण रिनेसन्स म्हणतात, अमेरिकन रेनसान्स. तुम्ही रेनेसाँस लिहा नाहीतर रेनेसान्स, पण तो स खाऊ नका.

आता अर्थ. हा शब्द फ्रेंच असला तरी कल्पना मूळ इटलीची, वासारी या इटालियन चित्रकाराने १५५० मध्ये चित्रकार-शिल्पकारांची चरित्रं छापली त्यात कलेच्या 'रिनाशिता'बद्दल म्हणजे पुन्हा जन्माबद्दल लिहिलंय. पण युरोपातल्या साधारण चौदाव्या ते सोळाव्या शतकाच्या अख्ख्या कालखंडाचं नाव म्हणून तो रुळला बराच नंतर, १८५५ मध्ये मिशले या फ्रेंच इतिहासकाराने आपल्या इतिहासाच्या एका खंडाला तेच नाव दिलं आणि १८६० मध्ये बुर्कहार्ट या स्विस इतिहासकाराचं इटलीतल्या याच काळावरचं पुस्तक आलं, तिथून पुढे.

माझा मुद्दा त्या 'जन्म'वर आहे. पुनरुज्जीवन म्हणजे मेलेलं होतं तेच परत जिवंत करणं, एखाद्या बंद पडलेल्या प्रथेचं किंवा आटलेल्या नदीचं आपण पुनरुज्जीवन करतो. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट बघा, तो बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीने रोमचे जुने अवशेष अभ्यासले होते असं सांगतात, पण १४३६ मध्ये जो घुमट पुरा झाला तसा रोमनांनी कधी बांधलाच नव्हता, दुहेरी कवचाचा आणि तोही खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता. बाळ आजोबांच्या वळणावर गेलं तरी ते आजोबा नसतं ना, तसंच हे. शिवाय मराठीत पुनरुज्जीवनवादी म्हटलं की जुनंच सगळं परत आणू पाहणारा माणूस डोळ्यासमोर येतो, म्हणजे अर्थ जवळजवळ उलटाच होतो.

प्रबोधन हा शब्द मला अतिशय आवडतो. कार्तिकी एकादशीला आपण प्रबोधिनी म्हणतो, देव झोपेतून उठतात ती, तर मूळ अर्थ जागं होणं किंवा जागं करणं. पण मराठीत आता तो जागं करण्याकडेच झुकलाय, समाजप्रबोधन म्हटलं की कुणीतरी उठवणारा आणि कुणीतरी उठणारा असं चित्र येतं. म्हणूनच महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाला तो चपखल बसतो, १८३२ चं दर्पण हे वृत्तपत्र घ्या किंवा १८४८ मध्ये फुल्यांनी पुण्यात काढलेली मुलींची शाळा घ्या, तिथे लोकांना जागं करायचंच होतं. अडचण अशी की शाळेत आपण युरोपातल्या रेनेसाँसलाही प्रबोधन युग म्हणायला शिकलो आणि पुढे अठराव्या शतकातल्या व्हॉल्तेर या फ्रेंच विचारवंताच्या काळालाही (इंग्रजीत एनलाइटनमेंट) कितीतरी जण प्रबोधनच म्हणतात, मग वाचणाऱ्याला कळायचं कसं की बोलणं लिओनार्दो दा विंचीच्या काळाचं चाललंय की त्यानंतर अडीचशे वर्षांनी आलेल्या विचारवंतांचं? मी त्या दुसऱ्याला ज्ञानोदय म्हणते, नेमका आणि सुंदर शब्द आहे.

अजून एक गोष्ट, इंग्रजीत कॅपिटल अक्षर असलं तर तो युरोपातला ठरावीक काळ आणि लहान अक्षर असलं तर कुठलाही सांस्कृतिक बहर, पण देवनागरीत लहानमोठं अक्षरच नाही त्यामुळे मराठीत सरळ 'युरोपातला रेनेसाँस' असं लिहावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये १९२० च्या दशकात कृष्णवर्णीय लेखक-संगीतकारांचा जो बहर आला त्यालाही हार्लेम रेनेसाँसच म्हणतात. तिथे मात्र मी भाषांतर करणार नाही, ते विशेषनाम झालंय.

आणि बंगालचं म्हणाल तर बंगालीत स्वतः त्याला नवजागरण म्हणतात, राममोहन रॉय, १८२८ चा ब्राह्मो समाज वगैरे. त्यांचाच शब्द आहे आणि मराठीतही सहज कळतो, तर तोच घ्या.