कोरोनाचा विषाणू पेशीत शिरल्यावर तेथील अंगकांचे काय होते?

विषाणू पेशीत शिरल्यावर थेट केंद्रकाचा ताबा घेतो का आणि इतर अंगकांना, म्हणजे पेशीत ठरावीक कामे करणाऱ्या भागांना, त्याची झळ पोहोचते का, असे आपण विचारले आहे. सार्स-कोव्ह-२ चा, म्हणजे कोविड-१९ घडवणाऱ्या विषाणूचा, जनुकसंच आरएनएचा असून त्याच्या प्रती पेशीद्रव्यातच तयार होतात, त्यामुळे केंद्रकात शिरण्याची त्याला गरज पडत नाही. मात्र त्याचे ओआरएफ६ हे प्रथिन केंद्रकाच्या छिद्रांतून होणारी ये-जा अडवते, तेव्हा केंद्रक अगदीच सुटते असेही नाही.

खरी उलथापालथ होते ती आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीत पसरलेल्या पटलांच्या जाळ्यात, आणि मला या विषयातला सर्वांत विलक्षण भाग तोच वाटतो. पेशीचेच रायबोसोम विषाणूची प्रथिने बनवू लागतात. त्यांपैकी एनएसपी३ व एनएसपी४ जालिकेचे पटल वाकवून त्यापासून दुहेरी पटलाच्या, साधारण २०० ते ३०० नॅनोमीटर व्यासाच्या असंख्य पुटिका (सूक्ष्म पिशव्या) घडवतात. आरएनएच्या प्रती काढताना निर्माण होणारा दुपेडी आरएनए पेशीच्या संरक्षक यंत्रणेला चटकन ओळखू येतो. पुटिकांच्या आत तो तिच्या नजरेआड राहतो. पण बंद पुटिकेतून नव्या प्रती बाहेर येतात कशा, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. २०२० मध्ये नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांना उंदरांच्या कोरोना विषाणूने बाधित पेशींमध्ये या दोन्ही पटलांना आरपार छेदणारी छिद्रे आढळली.

दरम्यान एनएसपी१ हे प्रथिन रायबोसोमच्या वाटेत बुचासारखे बसते आणि पेशीची स्वतःची, विषाणूविरुद्ध इशारा देणाऱ्या इंटरफेरॉनसह, बहुतेक प्रथिने बनणे मंदावते. प्रथिनांवर प्रक्रिया करून ती पुढे पाठवणाऱ्या गॉल्जी पिंडाचे तुकडे होतात. जालिका व गॉल्जी यांच्या मधल्या पटलांत नवे विषाणू आकार घेतात, आणि टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या लयकारिकांच्या मार्गानेही ते बाहेर पडत असल्याचे २०२० मध्येच दिसून आले. अशा लयकारिकांची आम्लता घटलेली असते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांवरील टॉम७० या प्रथिनाला विषाणूचे ओआरएफ९बी हे प्रथिन चिकटते, त्यामुळे विषाणू शिरल्याचा धोक्याचा इशारा क्षीण होतो.

यातील बहुतेक निरीक्षणे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतील आहेत, आणि रुग्णाच्या फुप्फुसांची हानी त्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या अतिरेकामुळेही होते, हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही मृत रुग्णांच्या फुप्फुसांत अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी सापडल्या आहेत. बाधित पेशीच्या पृष्ठभागावर आलेले काटेरी प्रथिन शेजारच्या पेशीशी जोडले जाऊन दोन्ही पेशी एकजीव झाल्या की अशा पेशी तयार होतात.