दाराची कडी

पत्र

आदरणीय ताई,

माझं वय ४६. लहानपणापासून विश्वासात वाढले. मंडळीतल्या स्त्रियांचा बायबल अभ्यास गेली ९ वर्षं मी घेते. पहाटे ५ ते ६ हा माझा प्रार्थनेचा तास. तो मी तापातही चुकवलेला नाही. दर वर्षी संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढायचं असा नेम आहे, त्याचं हे सातवं वर्ष. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांना हल्ली पहाटेच हाका मारायची सवय लागली आहे, म्हणून मी खोलीला आतून कडी लावून घेते. मुलगा उठतो मग.

तर प्रश्न मुलाचाच आहे. तो २० वर्षांचा आहे. सहा महिन्यांपासून उपासनेला येत नाही. विचारलं की म्हणतो, “तिथे जे बोलतात ते मला घरात कुठे दिसत नाही.” मी रडले, उपवास केले, पाळकसाहेबांना घरी बोलावलं. तो त्यांच्याशी अदबीने बोलला आणि रविवारी झोपून राहिला. माझे पती म्हणतात, सोडून दे. कसं सोडू? मरीयेप्रमाणे मी प्रभूच्या पायाशी बसायचं निवडलं. तो वाटा माझ्या मुलाला मिळावा, एवढंच मागणं आहे. त्याला कोणतं पुस्तक वाचायला देऊ?

एक आई

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मुलाबद्दल तुम्ही कळकळीने लिहिलं आहे. सासूबाईंच्या वाट्याला मात्र जेमतेम दोन ओळी आल्या आहेत आणि त्यांच्या शेपटाला तीन शब्द: “मुलगा उठतो मग.” माझं बोट तिथून पुढे सरकेना.

आधी त्या ‘सवयी’बद्दल. ८१ व्या वर्षी कोणाला हौस म्हणून हाका मारायची सवय लागत नाही. उतारवयात रात्री लघवीला जास्त वेळा उठावं लागतं, झोप तुकड्यातुकड्यांत येते, आणि पहाटे जाग येते ती पुष्कळदा घाई लागल्यानेच. अंथरुणातून एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येऊ शकतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पलंगापासून चार पावलांवर माणूस कोसळू शकतं. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुष्कळजण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. सासूबाईंना याची धास्ती असणार. म्हणून त्या एकट्या उठत नाहीत, हाक मारतात. योग्य तेच करतात. आणि म्हाताऱ्या माणसाची हाक कशी असते तुम्ही कधी नीट ऐकली आहे का? पहिली हळू असते, कोणाची झोप मोडू नये म्हणून. दुसरी जरा मोठी. मग बराच वेळ काही नाही, कारण तिसरी मारायची लाज वाटते.

हे मला कळायला फार उशीर झाला. माझी आई शेवटचं वर्षभर माझ्याकडे होती. एका शनिवारी रात्री मी दुसऱ्या दिवशीच्या संडे स्कूलचा धडा तयार करत बसले होते. आतून हाक आली. “आले गं,” म्हटलं आणि लिहीत राहिले. वीसेक मिनिटांनी गेले तेव्हा आई पलंगाच्या काठावर बसली होती. ओली झालेली चादर तिने स्वतःच ओढून काढली होती. चारी कोपरे जुळवून तिची घडी घातली होती आणि ती मांडीवर धरून बसली होती. मला बघून म्हणाली, “झालं का तुझं लिहून?” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी माफी मागू शकले असते. धड्यात काय लिहिलं होतं ते आज आठवत नाही, ती घडी आठवते.

म्हणून तुमच्याशी मी गोड बोलणार नाही.

तुम्ही मरीयेचं नाव घेतलंत. लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायाच्या अगदी शेवटी ती गोष्ट आहे: मार्था कामाने मेटाकुटीला आलेली, तिची बहीण मरीया प्रभूचं ऐकत बसलेली, आणि प्रभू म्हणतो की मरीयेने चांगला वाटा निवडला. वर्षभराचं वाचन अध्यायांप्रमाणे नेमून घेतलेलं असेल तर त्या दिवसाचं वाचन बहुधा तिथेच संपतं. पण लूकने अध्याय पाडले नव्हते. ते आकडे तेराव्या शतकात घातले गेले. त्याने लिहिलं ते सलग, म्हणून एकदा सलग वाचून बघा.

मरीयेच्या गोष्टीच्या लगेच आधी काय आहे? यरुशलेमेहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर एक माणूस अर्धमेला पडला आहे. याजक त्याला बघतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, येतो, तोही बघून निघून जातो. थांबतो तो शोमरोनी, यहूदी ज्याला परका मानत असा. आणि मरीयेच्या लगेच पुढे काय? शिष्यांपैकी एकजण विनवतो, प्रभुजी, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. तो ‘पित्या’ या हाकेने सुरू होणारी प्रार्थना शिकवतो, आणि ती संपते न संपते तोच एक गोष्ट सांगतो. मध्यरात्रीची. एकजण मित्राच्या दाराशी येऊन तीन भाकरी मागतो. आतून उत्तर येतं: मला त्रास देऊ नकोस, दार लावलेलं आहे, मुलं माझ्याजवळ निजली आहेत, माझ्याने आता उठवत नाही.

दार लावलेलं आहे. प्रार्थना शिकवताना प्रभूने सांगितलेल्या पहिल्याच गोष्टीत हे शब्द आहेत, आणि ते मागणाऱ्याच्या तोंडचे नाहीत. प्रभू म्हणतो, इतकं बोलणारा तो माणूससुद्धा शेवटी उठतो. मग म्हणतो, ठोका म्हणजे तुमच्यासाठी उघडलं जाईल. या वचनाच्या भरवशावर तुम्ही रोज पहाटे पाचला गुडघे टेकता, मुलासाठी देवाचं दार ठोठावता. त्याच वेळी भिंतीपलीकडून तुम्हाला हाक येते आणि तुमची कडी लागलेली असते. बाई, त्या गोष्टीत तुम्ही नेमक्या कुठे आहात? दाराच्या बाहेर की आत?

तुम्ही म्हणाल, खोलीत जा आणि दार लावून घे, असं प्रभूनेच सांगितलं आहे. सांगितलं आहे, मत्तयच्या सहाव्या अध्यायात. पण सभास्थानांत आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, लोकांनी बघावं म्हणून उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांसारखे होऊ नका, असं म्हणून सांगितलं आहे. ते दार बघ्यांवर लावायचं आहे, गरजवंतावर नाही. प्रभू स्वतः पहाटेच्या अंधारात उठून एकांतात जात असे. एकांताचं मोल त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त होतं. तरी एकदा शिष्यांना विसावा मिळावा म्हणून तो होडीतून निर्जन ठिकाणी गेला आणि लोक पायी धावत त्याच्या आधी तिथे पोचले, तेव्हा त्यांना बघून त्याला कळवळा आला. विसावा तसाच राहिला.

मार्कच्या सातव्या अध्यायात तर तो याहून कठोर बोलतो. आईबापांना ज्याचा आधार व्हायचा ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर केलं की आईबापांसाठी काही करायलाच नको, अशी सोय काहींनी करून घेतली होती. तुम्ही तुमच्या रूढीने देवाचं वचन रद्द करता, असं तो त्यांना तोंडावर म्हणाला. तिथे गोष्ट मालमत्तेची आहे. तुमच्या घरी पहाटेचा एक तास कुर्बान झाला आहे.

तुमचे पती त्या वेळी कुठे असतात, हे पत्रात नाही. ती आधी त्यांची आई आहे. पण पत्र त्यांनी लिहिलेलं नाही.

प्रार्थना सोडा असं मी म्हणते आहे, असं समजू नका. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिन्सेंट दि पॉल नावाचे धर्मगुरू होते. १६३३ साली त्यांनी लुईझ दे मारियाक यांच्यासोबत गरिबांची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनींचा संघ सुरू केला. तोवर संन्यासिनी म्हटलं की मठाच्या भिंतीआड राहायचं, अशीच रीत होती. व्हिन्सेंट यांनी या भगिनींना सांगितलं की आजाऱ्यांची घरं हाच तुमचा मठ आणि शहराचे रस्ते हेच तुमचं आवार. या बाया प्रार्थनेच्या बाबतीत ढिल्या मुळीच नव्हत्या, प्रार्थनेचे नेम त्या काटेकोर पाळत. साहजिकच त्यांना प्रश्न पडे: प्रार्थनेच्या ऐन वेळी एखाद्या रुग्णाला औषध द्यायला जावं लागलं तर? व्हिन्सेंट यांचं उत्तर असं की शांत मनाने उठा, जा, आणि जे कराल तेच प्रार्थना म्हणून देवाला वाहा. ते देवाला सोडणं नाही. देवासाठी देवाला सोडून देवाकडेच जाणं आहे. मोडलेल्या नेमाबद्दल मनाला टोचणी लावून घेऊ नका, हेही त्यांनी सांगितलं. ही शेवटची गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. तास मोडेल याची तुम्हाला खरी भीती वाटते, आणि ती भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ९ वर्षं दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाईचा हा तासच तिचा कणा असतो. पण कण्याला वाकता यावं लागतं.

आता मुलगा. “तिथे जे बोलतात ते मला घरात कुठे दिसत नाही,” हे त्याचं वाक्य तुम्हाला बंड वाटलं. मला ती तक्रार वाटते, आणि तक्रार तोच करतो ज्याने बोललेलं मनावर घेतलेलं असतं. विसाव्या वर्षी पहाटेची झोप किती गाढ असते ते आठवा. त्या झोपेतून तो उठतो. आजीला हात देऊन उठवतो, तिच्या पायांत चपला सरकवतो, बाहेर ताटकळत उभा राहतो. तुम्ही मोठ्याने प्रार्थना करत असाल तर बंद दारापलीकडून त्याला स्वतःचं नावही ऐकू येत असेल: प्रभू, माझ्या मुलाला तुझ्याकडे परत आण. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी प्रभूच्या उजवीकडे उभी केलेली, दीनदुबळ्यांची सेवा केलेली माणसं आठवतात का? आम्ही तुला आजारी कधी पाहिलं, असं ती गोंधळून विचारतात, कारण आपण नक्की कोणाच्या उशाशी गेलो होतो हे त्यांना ठाऊकच नसतं. तुमचा मुलगा विश्वासातून गेला, असं तुम्ही म्हणता. ते म्हणायला माझी जीभ धजत नाही.

म्हणून पुस्तक कोणतंही देऊ नका. त्याच्यासाठी नवे उपवास नकोत, पाळकसाहेबांनाही पुन्हा त्रास नको. कडी काढा. नुसती न लावता ठेवू नका, आठवड्याभरात हात सवयीने तिच्याकडे जाईल. स्क्रू फिरवून दारावरून उतरवा, आज रात्रीच. उद्या पहाटे गुडघे टेका, दार उघडं ठेवून. पहिल्या हाकेला उठा, ‘आमेन’पर्यंत थांबू नका. आधी दिवा लावा. सासूबाईंना पलंगाच्या काठावर मिनिट-दोन मिनिटं बसू द्या, मग हात देऊन उभं करा. परत आणून निजवलंत की पांघरूण नीट करा, पाणी हवं का विचारा. आणि हे स्त्रियांच्या अभ्यासात साक्ष म्हणून सांगू नका. निदान वर्षभर तरी नाही.

मुलाशीही यावर काही बोलू नका. पहिल्या दिवशी तोही सवयीने उठून येईल, दाराशी तुमची गाठ पडेल. तो काहीतरी विचारेल, कदाचित तुमच्या प्रार्थनेचंच. त्याला एवढंच म्हणा: “झोप तू. मी आहे आजीजवळ.”