वाचणं, तगणं, जगवणं: 'डिफायन्स'च्या निमित्ताने

एका वाचकाचा प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांपासून जीव वाचवायला रानात राहिलेल्या ज्यूंची गोष्ट सांगणाऱ्या 'डिफायन्स' या २००८ सालच्या चित्रपटावर त्यांना मराठीत लेख लिहायचा आहे आणि गाडं तीन शब्दांपाशी अडलं आहे. 'रेझिस्टन्स'ला 'प्रतिकार' लिहावं, तर डोळ्यांसमोर बंदूकच येते, आणि चित्रपटातली निम्म्याहून जास्त माणसं निःशस्त्र आहेत. 'सर्व्हायव्हल'ला कोशात 'उत्तरजीविता' मिळते. ती वाक्यात घातली की लेख विम्याच्या कागदासारखा वाचला जातो. आणि 'पार्टिझन'ला भाषांतराच्या यंत्राने 'पक्षपाती' सुचवलं.

शेवटचा शब्द आधी उरकतो, कारण त्यात फार गुंता नाही. 'पार्टिझन' हा इटालियनमधून फ्रेंचमार्गे आलेला शब्द. मुळात तो 'एका पक्षाचा माणूस'च होता, त्यामुळे यंत्राचा तर्क अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण मराठीत 'पक्षपाती' म्हणजे झुकतं माप देणारा. जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात, रानात राहून लढणाऱ्या माणसाला तो शब्द लावता येत नाही. 'गनिमी सैनिक' चालेल, मात्र त्यात लढाईच पुढे येते. 'भूमिगत' मोहात पाडतो, कारण बेचाळीसच्या चळवळीने तो आपल्या ओठांवर बसवला. नाना पाटील १९४२ साली भूमिगत झाले ते १९४६ साली उघडपणे लोकांसमोर आले. पण भूमिगत माणूस लोकांतच असतो. गावं त्याला लपवतात, जेवू घालतात, निरोप पोचवतात. बेलारूसच्या रानातल्या ज्यूंना तसा आसरा क्वचितच मिळाला. त्यांना गाव सोडूनच जावं लागलं. म्हणून 'पार्टिझन' हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'रानात तळ ठोकून लढणाऱ्या तुकडीतला माणूस' एवढा खुलासा करा. त्यांची तुकडी म्हणजे रशियनमध्ये 'ओत्र्याद'. त्याला 'पथक' चपखल बसतं.

पुढच्या दोन शब्दांसाठी मूळ हकीकत थोडी सांगायला हवी. तुव्हिया, झूस, असाएल आणि आरोन हे बिएल्स्की भाऊ नोव्होग्रुदेकजवळच्या (युद्धाआधी पोलंडमध्ये, आज बेलारूसमध्ये) स्तान्केविचे नावाच्या खेड्यातले, शेती आणि गिरणी असलेल्या घरातले. डिसेंबर १९४१ मध्ये नोव्होग्रुदेकला ज्यूंची कत्तल झाली, तीत त्यांचे आईवडील गेले. भाऊ रानात शिरले. आधी नातेवाईक आले, मग ओळखीचे, मग कोणीही. तुव्हियाने घेट्टोंमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांमध्ये, निरोप धाडले: या, वय विचारणार नाही, बंदूक आहे का विचारणार नाही. जुलै १९४४ मध्ये रशियन सैन्य आलं तेव्हा नालिबोकीच्या रानातून सुमारे बाराशे माणसं चालत बाहेर पडली. त्यांत बायका, मुलं, म्हातारे यांचा भरणा मोठा होता. दहा जर्मन मारण्यापेक्षा एक म्हातारी ज्यू बाई वाचली तर मला जास्त हवं आहे, अशा अर्थाचं तुव्हियाचं वाक्य त्याच्या माणसांनी पुढे अनेकदा सांगितलं.

आता 'प्रतिकार'. तो शब्द टाकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. 'प्रति' आणि 'कृ', म्हणजे समोरून जे केलं जातंय त्याला उलट कृती. कृती हत्याराचीच हवी असं त्यात कुठेही नाही. गांधींच्या लढ्याच्या संदर्भात 'निःशस्त्र प्रतिकार' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं छापला आणि तो कोणालाही विसंगत वाटला नाही. 'रोगप्रतिकारशक्ती' तर आपण रोज बोलतो. बंदुकीचा वास या शब्दाला अलीकडे लागला, तो युद्धाच्या बातम्यांमधून. तुमच्या लेखाने तो पुसला तर बरंच होईल. 'विरोध' मात्र नको. विरोध सभेत करतात, ठरावाला करतात.

हिब्रूत याच अर्थछटेसाठी 'अमिदा' हा शब्द इतिहासकार येहुदा बाउअर यांनी वापरला. शब्दशः अर्थ 'उभं राहणं'. घेट्टोत चोरून धान्य आणणं, बंदी असताना शाळा चालवणं, रोजनिशी लिहून पुरून ठेवणं, हे सगळं त्यांनी अमिदात धरलं. वॉर्सा घेट्टोत इमॅन्युएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदपत्रं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनांत भरून जमिनीत पुरली. त्यातला एक साठा १९४६ साली सापडला, दुसरा १९५० साली. आपल्याकडे याला जवळचा वाक्प्रचार 'पाय रोवून उभं राहणं'. लेखात एखाद्या ठिकाणी तो जरूर वापरा.

'उठाव' आणि 'बंड' वेगळे ठेवा. उठावाला तारीख असते. वॉर्सा घेट्टोचा उठाव १९ एप्रिल १९४३ ला सुरू झाला, सोबिबोरच्या मृत्युछावणीतला १४ ऑक्टोबर १९४३ ला. नालिबोकीच्या रानात जे घडलं त्याला अशी तारीख देता येत नाही. 'बंड' तर इथे कुठेच वापरू नका. बंड करायला आधी कोणाचं तरी राज्य मान्य केलेलं असावं लागतं. सत्तावन्नला 'बंड' म्हणायचं की 'स्वातंत्र्यसमर' हा वाद आपल्याकडे याच मुद्द्यावर झाला.

'सर्व्हायव्हल'साठी मराठीत चांगलं नाम नाही. मला त्याची खंत वाटत नाही, कारण क्रियापदं उत्तम आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

'वाचणं' एका प्रसंगातून असतं. अपघातातून वाचला, पुरातून वाचली, थोडक्यात वाचलो. संकट आलं, गेलं, माणूस मागे उरला. 'तगणं' याला काळ लागतो. रोप तगलं का, हे लावल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. डॉक्टर म्हणतात, रात्रभर तगला तर आशा आहे. संकट अजून चालूच असतं आणि माणूस त्याच्या आत असतो. आणि मग 'जगवणं'. हे प्रयोजक रूप मराठीचं मोठं धन आहे. बहात्तरच्या दुष्काळात जनावरं जगवली, असं म्हणतात. नवरा गेल्यावर तिने चार पोरं जगवली, असं म्हणतात. 'वाचवणं' एका झटक्यात होऊ शकतं, बुडणाऱ्याला हात दिला की झालं. 'जगवणं' उद्याही करावं लागतं, परवाही.

तुव्हियाने घेट्टोतून माणसं बाहेर काढली, तिथे 'वाचवली' लिहा. त्यानंतर रानात जे केलं, तिथे 'जगवली' लिहा. एवढ्या एका भेदाने लेखाचा निम्मा गुंता सुटेल.

आणि हाच भेद हातात धरून चित्रपट पाहिला, तर त्याचं काय साधलं आणि काय निसटलं हेही नेमकं सांगता येतं. दिग्दर्शक एडवर्ड झ्विक, तुव्हियाच्या भूमिकेत डॅनियल क्रेग, झूसच्या भूमिकेत लिव्ह श्रायबर. आधार नेखामा टेक यांच्या संशोधनाचा. त्या स्वतः लुब्लिनच्या, लहानपणी ख्रिश्चन असल्याचं भासवून युद्धातून पार पडलेल्या. चित्रपटाचा रोख उघड आहे: ज्यू निमूटपणे मेले, या समजाला उत्तर द्यायचं. त्यामुळे पडद्यावर लढणं पुढे येतं. तरी झ्विकला दुसरी बाजू कळत होती, हे एका प्रसंगात स्वच्छ दिसतं. रानात असाएलचं लग्न लागतंय, बर्फ पडतंय, आणि त्याच वेळी दुसरीकडे झूस रशियन पार्टिझनांबरोबर जर्मनांवर छापा घालतोय. कॅमेरा इकडून तिकडे जात राहतो. जगणं आणि मारणं एकाच तालात. चित्रपटातला मला सर्वांत आवडलेला भाग तो.

शेवटाकडे मात्र तोल जातो. दलदलीतून अख्खा तळ पलीकडे नेणं हे खरोखर घडलं, पण १९४३ च्या उन्हाळ्यात, जर्मनांनी रानाला वेढा घातला तेव्हा. चित्रपटात ते पहिल्या हिवाळ्यानंतर लगेच येतं, आणि दलदल ओलांडताच समोर रणगाडा उभा राहतो. तो रणगाडा आणि ती लढाई पटकथेची आहे. खऱ्या हकीकतीत वेढ्यातून निसटणं हाच विजय होता. लढाई टाळली म्हणून इतकी माणसं जगली.

त्यानंतरची गोष्ट पडद्यावर फक्त अक्षरांत येते: पुढची दोन वर्षं ते रानातच राहिले, त्यांनी शाळा, दवाखाना उभारला, संख्या बाराशेवर गेली. मजकूर वाचून होतो न होतो तोच चित्रपट संपतो. आणि जगवणं म्हणतात ते सगळं नेमकं त्या ओळींत आहे! त्या तळावर जमिनीत खणलेल्या, वरून ओंडके आणि माती घातलेल्या झोपड्यांच्या रांगा होत्या. (याला 'खंदक' किंवा 'भुयार' लिहू नका. खंदक लढायला असतो, भुयार पलीकडे निघायला. 'जमिनीत खणलेली झोपडी' एवढं पुरे.) शिंपी होते, चांभार होते, बेकरी होती, न्हाणीघर होतं, बंदुका दुरुस्त करणारे कारागीर होते. आसपासची रशियन पथकं आपले बूट, कपडे आणि हत्यारं दुरुस्तीला तिथे आणत. त्यामुळेच, एवढी न लढणारी माणसं कशाला पोसता, या प्रश्नाला तुव्हियाकडे उत्तर होतं. बुटाचा तळवा शिवणारा म्हातारा अशा रीतीने सगळ्या तळाला आधार देत होता. हे सिनेमात दाखवणं अवघड आहे, मान्य, पण मला त्याची हळहळ वाटते.

मुख्य प्रवाहातल्या सिनेमाला तगणं दाखवता येतच नाही असं मात्र लिहू नका. 'द पियानिस्ट' (२००२) मध्ये ज्यू पियानोवादक व्वादिस्वाव श्पिलमान वॉर्साच्या घेट्टोतला उठाव लपल्या जागेच्या खिडकीतून पाहतो. त्याच्या हातात काही नाही. पुढे उद्ध्वस्त शहरात तो एक सीलबंद डबा घेऊन फिरतो, तो उघडायला साधन नाही. तगणं म्हणजे काय, हे त्या डब्यातून जेवढं कळतं तेवढं संवादातून कळलं नसतं. एकट्या माणसाचं तगणं पडदा पेलतो. बाराशे जणांचं जगवणं त्याला अजून पेललेलं नाही.

प्रश्नात नसलेला, पण लेखात तुम्हाला लागेल असा एक शब्द: 'मालबुश'. हिब्रूत अर्थ कपडा, पेहराव. बिएल्स्कींच्या तळावर हत्यार न धरू शकणाऱ्या, हाताला कसब नसलेल्या माणसांना चिडवायला तो वापरत. विशेषतः शहरातून आलेल्या शिकलेल्यांना. चित्रपटातही तो ऐकू येतो. अक्षरशः 'कपडे' लिहिलं तर वाचकाला काही बोध होणार नाही. आपल्याकडे तयार शब्द आहेत: 'खायला काळ नि भुईला भार'. त्यातला तुच्छतेचा सूर आणि 'खायला' हा शब्द दोन्ही इथे लागू पडतात, कारण भांडणं भाकरीवरूनच होत.

भाकरीवरून आठवलं. रानातली माणसं आसपासच्या शेतकऱ्यांकडून धान्य, बटाटे, गुरं आणत, पुष्कळदा बंदुकीच्या धाकावर. लेखात 'शिधा गोळा केला' असं सरळ लिहू नका. ज्याच्या दारातून गाय सोडून नेली त्याच्या दृष्टीने ती लूट होती. चित्रपट पोलंडमध्ये पोचला तेव्हा तिथे वाद झाला, त्यामागे ही आठवणही होती. 'बळजबरीने शिधा वसूल केला' म्हटलं तर दोन्ही बाजू राहतात.

राहिला 'सर्व्हायव्हर'. 'वाचलेले' म्हणायला हरकत नाही, पण शीर्षकात टाळा. 'वाचलेल्यांच्या कहाण्या' म्हटलं की कोणीतरी पुस्तकं वाचली आहेत असं वाटतं. 'बचावलेले' बरा आहे. संदर्भ लांबचा असेल तर 'युद्धातून जिवंत राहिलेले' असं सरळ म्हणा. तुम्ही पाठवलेलं वाक्य होतं: 'बिएल्स्की बंधूंच्या सशस्त्र विरोधामुळे बाराशे ज्यूंचं अस्तित्व टिकलं.' मी ते असं लिहीन: 'बिएल्स्की भावांनी रानात बाराशे माणसं जगवली, आणि त्यांचा खरा प्रतिकार तो होता.'